कॅमेरा बसवला, अपघात कमी झाले… म्हणजे कॅमेऱ्यामुळेच का?

मित्रांनो, आज आधी एक खेळ खेळू, मग इतिहासाकडे वळू.

ल्युडोचा फासा घ्या आणि साठ वेळा टाका. प्रत्येक वेळी काय पडलं ते वहीत लिहून ठेवा. साधारण दहा वेळा सहा पडतील. आता ते दहा 'सहा' म्हणजे दहा धोकादायक ठिकाणं असं समजा. त्या प्रत्येक ठिकाणी एक उपाय करा. काहीही चालेल, फाशाला दम द्या, "जरा जपून!" म्हणा. आणि त्या दहा जागांसाठी फासा पुन्हा टाका.

या वेळी सरासरी साडेतीनच्या आसपास येईल. सहावरून साडेतीन, म्हणजे जवळपास ४२ टक्के घट! तुमचा दम कामाला आला.

हसू येतंय ना? पण हाच हिशोब कपडे बदलून रस्ता सुरक्षेच्या वादात अनेक दशकं फिरतोय. स्पीड कॅमेऱ्यांमुळे जीव वाचतात की ते फक्त दंड वसूल करायचं यंत्र आहे, या भांडणात दोन्ही बाजूंनी तो वापरला. हा वाद जीवन-मरणाचा आहे, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्याला त्यातून जे शिकायला मिळतं ते मेथडॉलॉजीच्या पेपरात सहसा असं कळत नाही. म्हणून आज त्याचीच गोष्ट.

कनेक्टिकट, १९५५

कॅमेरे यायच्या आधीपासून सुरू करू. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात १९५५ साली रस्ते अपघातांत ३२४ माणसं गेली. आधीच्या वर्षांच्या मानाने आकडा फारच मोठा होता. लोक चिडले, वर्तमानपत्रं चिडली. गव्हर्नर अब्राहम रिबिकॉफ यांनी डिसेंबरमध्ये जाहीर केलं की आता वेगमर्यादा मोडली तर पहिल्याच गुन्ह्याला लायसन्स ३० दिवस निलंबित.

पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, मृत्यूंचा आकडा २८४ वर आला. ४० माणसं वाचली, १२.३ टक्के घट, मोहीम यशस्वी, असं गव्हर्नरांनी जाहीर केलं.

तुम्ही त्या जागी असता तर काय म्हटलं असतं? खरं सांगा, आपणही टाळ्या वाजवल्या असत्या.

१९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल आणि समाजशास्त्रज्ञ एच. लॉरेन्स रॉस यांनी या दाव्यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. पहिली, १९५५ आणि १९५६ हे दोनच ठिपके न बघता मागची-पुढची अनेक वर्षं एका आलेखावर मांडली. दुसरी, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड या शेजारच्या राज्यांचे आकडे बाजूला ठेवले.

आलेखावर लगेच दिसलं की १९५५ हे वर्ष एक टोकदार शिखर होतं. आधीच्या वर्षांतही आकडा वर-खाली होतच होता. मग प्रश्न असा की गव्हर्नरांनी कारवाई नेमकी १९५५ नंतरच का केली? कारण १९५५ वाईट होतं! म्हणजे उपायाची वेळ आकड्यानेच ठरवली होती. आणि टोकाला गेलेला आकडा पुढच्या वेळी बहुतेकदा थोडा खाली येतोच, तुम्ही काही करा वा न करा.

कॅम्पबेल आणि रॉस यांनी "मोहीम फुकट गेली" असं म्हटलं नाही, हेही लक्षात घ्या. पुढच्या वर्षांतही मृत्यूंचं प्रमाण उतरत राहिलं, पण ते कारवाईमुळेच उतरलं याचा निर्विवाद पुरावा नाही, इतकंच त्यांनी म्हटलं. शिवाय लायसन्स निलंबित असताना गाडी चालवणं वाढलं, आणि वेगाच्या खटल्यांत निर्दोष ठरणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं, हे त्यांनी दाखवलं. शिक्षा कडक झाली की माणसं आणि न्यायाधीश दोघंही आपापली वाट काढतात.

या गोष्टीचं नाव

टोकाचं मोजमाप पुढच्या वेळी सरासरीच्या दिशेने सरकतं, याला सांख्यिकीत 'रिग्रेशन टू द मीन' म्हणतात. आपण 'सरासरीकडे परतणं' म्हणू. नाव फ्रान्सिस गॉल्टनपासून आलं. आधी त्याला हे स्वीट पीच्या बियांमध्ये दिसलं. मग १८८६ च्या निबंधात त्याने २०५ जोडप्यांच्या ९२८ सज्ञान मुलांच्या उंचीची आकडेवारी मांडली. फार उंच आई-बापांची मुलं सरासरीने उंच असतात, पण आई-बापांइतकी नाही. फार बुटक्या आई-बापांची मुलं बुटकी, पण तितकी नाही.

कारण सोपं आहे. कोणत्याही मोजमापात थोडा टिकाऊ भाग असतो आणि थोडा नशिबाचा. सर्वांत वरचे आकडे वेगळे काढले की ज्यांचं नशीब त्या वेळी एका बाजूला झुकलं होतं, तेच जास्त हाती लागतात. पुढच्या वेळी टिकाऊ भाग तसाच राहतो, नशीब पुन्हा वाटलं जातं.

आणि हे फक्त दुसऱ्यांनाच होतं असं समजू नका. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी ३० सेन्सरपैकी सर्वांत जास्त नॉइज देणारे आठ निवडले, त्यांचं कोटिंग बदललं, आणि नॉइज कमी झाल्याचा आलेख मोठ्या ऐटीत गाईडपुढे ठेवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आणि ज्यांना हात लावला नाही, त्यांचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत मोजल्यावर कळलं की हात न लावलेल्यांपैकी जे वाईट होते, त्यांचाही नॉइज उतरला होता. त्या संध्याकाळी मी कॅम्पबेल वाचायला घेतला.

चार अपघात झाल्याशिवाय कॅमेरा नाही

आता कॅमेऱ्याकडे. 'गॅटसो' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ते मॉरिस गॅटसोनिडेस या डच रॅली चालकाचं. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली होती. वेग मोजायचं उपकरण त्याने बनवलं ते स्वतः वळणावर आणखी जोरात कसं जाता येईल हे बघायला! पुढे त्याच कंपनीचे कॅमेरे जगभर लोकांचा वेग कमी करू लागले.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या रोड ट्रॅफिक कायद्याने कॅमेऱ्याचा पुरावा कोर्टात चालण्याची सोय झाली आणि १९९२ मध्ये पश्चिम लंडनमध्ये पहिले कॅमेरे लागले. पण कॅमेरा महाग, फिल्म महाग, पोलिसांकडे पैसे कमी. म्हणून २००० मध्ये आठ भागांत एक योजना सुरू झाली. दंडाच्या पैशातून कॅमेऱ्यांचा खर्च भागवायचा. २००१ पासून ती देशभर पसरली आणि कॅमेरे हजारोंनी वाढले.

इथेच वादाला दोन तोंडं फुटली. एक तोंड पैशाचं. ज्या यंत्राचा खर्च दंडातून भागतो ते दंडासाठीच बसवलंय असं लोकांना वाटणारच. दुसरं तोंड आपल्या कामाचं. 'उगाच कुठेही कॅमेरे लावता' या आरोपाला उत्तर म्हणून सरकारने नियम केला की कायमचा कॅमेरा बसवायचा तर त्या रस्त्यावर मागच्या तीन वर्षांत दर किलोमीटरला किमान चार मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे अपघात झालेले असावेत.

नियम न्याय्य वाटतो ना? जिथे माणसं मरतायत तिथेच कॅमेरा. पण संशोधकाच्या नजरेने पुन्हा वाचा. हा नियम म्हणजे 'ज्यांना सहा पडले त्यांनाच निवडा' असंच सांगतो. एखाद्या रस्त्यावर तीन वर्षांत सरासरी दोनच गंभीर अपघात होत असतील, पण एका तीन वर्षांच्या काळात दुर्दैवाने चार झाले, तर तो यादीत आला. दुसऱ्या तशाच रस्त्यावर एकच झाला, तो यादीबाहेर. पुढच्या तीन वर्षांत पहिल्या रस्त्यावर पुन्हा दोनच झाले, तर श्रेय कोणाला? कॅमेऱ्याला.

परिशिष्टातला आकडा

डिसेंबर २००५ मध्ये या योजनेच्या पहिल्या चार वर्षांचं मूल्यमापन प्रसिद्ध झालं. चार हजारांहून जास्त ठिकाणं. निष्कर्ष असा की कॅमेऱ्यांच्या ठिकाणी दुखापतीचे अपघात २२ टक्क्यांनी कमी, आणि मृत व गंभीर जखमींची संख्या ४२ टक्क्यांनी कमी.

हो, ४२ टक्के. आपल्या फाशाइतकेच. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण इतका मोठा आकडा नुसत्या निवडीतूनही तयार होऊ शकतो, एवढं मात्र आपल्या फाशाने दाखवलंय.

त्या अहवालाच्या लेखकांना हे माहीत नव्हतं का? होतं. देशभरातला घटता कल त्यांनी आधीच वजा केला होता, आणि निवडीचा परिणाम या आकड्यात धरलेला नाही हेही लिहिलं होतं. एका परिशिष्टात त्यांनी शहरी भागातल्या काही ठिकाणांसाठी वेगळा हिशोबही दिला. तिथे मृत्यूचे आणि गंभीर दुखापतीचे अपघात सुमारे ५५ टक्क्यांनी कमी दिसत होते. त्यातले साधारण ३५ सरासरीकडे परतण्याचे, ९ देशभरातल्या घटत्या कलाचे. कॅमेऱ्याच्या वाट्याला उरले सुमारे १० टक्के.

मथळ्यात ४२ गेलं, १० परिशिष्टात राहिलं.

मग व्हायचं तेच झालं. 'सेफ स्पीड'सारख्या कॅमेराविरोधी मोहिमांनी परिशिष्ट वर काढलं आणि सरकार फसवतंय असा आरडाओरडा केला. सांख्यिकीचा त्यांचा मुद्दा बरोबर होता. पण त्यावरून त्यांनी 'कॅमेऱ्यांचा काही उपयोग नाही, उलट नुकसानच' इथपर्यंत उडी मारली, आणि ती उडी आकड्यात कुठेच नव्हती. दहा टक्के म्हणजे शून्य नव्हे. शंभर गंभीर अपघातांतले दहा टळले, तर त्या दहा घरांना विचारा की दहा म्हणजे किती.

ऑक्सफर्डशायर: तीच चूक, उलट बाजूने

२०१० मध्ये नव्या सरकारने रस्ता सुरक्षेचं अनुदान कापलं. ऑक्सफर्डशायरने १ ऑगस्ट २०१० ला आपले कायमचे कॅमेरे बंद केले. १ एप्रिल २०११ ला ते पुन्हा सुरू झाले. त्या वेळी आकडे सांगण्यात आले की कॅमेरे बंद असतानाच्या सहा महिन्यांत जिल्ह्यात १८ जणांचा मृत्यू झाला, आदल्या वर्षी त्याच काळात १२ झाले होते. बघा, कॅमेरे बंद केले आणि मृत्यू ५० टक्के वाढले!

आता कागद-पेन घ्या. अपघातांसारख्या विरळ घटनांची मोजणी साधारण पॉयसाँ वितरणाने चालते, म्हणजे १२ या आकड्यात नुसत्या नशिबाने √१२, म्हणजे साडेतीनच्या आसपास चढउतार धरावा लागतो. दोन मोजण्यांच्या फरकात √(१२+१८), म्हणजे सुमारे साडेपाच. प्रत्यक्ष फरक किती? सहा. म्हणजे जेमतेम एक सिग्मा. प्रयोगशाळेत एवढ्या फरकावर तुम्ही निष्कर्ष काढला तर व्हायव्हात सोलून काढतील.

या सहा मृत्यूंना किंमत नाही असं मी म्हणत नाही. ती सहा माणसं होती. मी एवढंच म्हणतोय की त्या आकड्यावरून कॅमेऱ्याबद्दल काही कळत नाही, ना या बाजूने ना त्या. कॅमेराविरोधकांनी ज्या चुकीवर बोट ठेवलं, तिच्याच जातीची चूक समर्थकांनी केली. फरक एवढाच की या वेळी निष्कर्ष आपल्याला पटणारा होता. आणि पटणारा निष्कर्ष आपण तपासत नाही, हीच खरी भीती.

मग कॅमेरे चालतात की नाही?

आता तुम्ही वैतागला असाल. "दादा, उत्तर काय ते सांग ना!" सांगतो. पुरावे एका रांगेत ठेवू.

पहिला पुरावा. २०१० च्या कॉक्रेन समीक्षेत ३५ अभ्यास तपासले गेले. गंभीर आणि मृत्यूच्या अपघातांत ११ ते ४४ टक्क्यांची घट दिसली. दिशा सगळीकडे एकच, खाली. पण अभ्यासांचा दर्जा फार तर मध्यम, आणि यादृच्छिक चाचणी, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठिकाणं निवडलेला प्रयोग, एकही नाही.

दुसरा पुरावा. रिचर्ड ऑलसॉप यांनी २०१३ मध्ये आरएसी फाउंडेशनसाठी ५५१ कॅमेऱ्यांचे आकडे तपासले. ठिकाण निवडताना जो काळ पाहिला गेला होता, त्याचा हिशोब वेगळा ठेवला. निष्कर्ष, मृत्यूचे व गंभीर अपघात २२ टक्क्यांनी कमी. २१ कॅमेऱ्यांजवळ मात्र अपघात वाढलेले दिसले आणि तिथे नीट चौकशी करा असं त्यांनी सुचवलं. एक गंमत, आधी हा आकडा २७ टक्के म्हणून छापला गेला होता. हिशोबातली चूक लक्षात आली तेव्हा अहवाल दुरुस्त करून पुन्हा काढला. सगळ्या देशाचं लक्ष असताना आपला आकडा स्वतः खाली आणणं सोपं नसतं. ते केलं, म्हणून २२ वर माझा विश्वास जास्त बसतो.

तिसरा पुरावा. चेंग कीट टँग यांच्या २०१७ च्या अभ्यासात कॅमेऱ्यापासून ५०० मीटरच्या आत अपघात कमी झालेले दिसतात, पण दीड किलोमीटरच्या पुढे परिणाम विरतो, कदाचित उलटतोही. कॅमेरा दिसला की ब्रेक, गेला की ॲक्सिलरेटर. हे सांगायला तुम्हाला शोधनिबंध लागत नाही, एक्सप्रेसवेवर एकदा गेलं की पुरे.

चौथा पुरावा पूर्ण वेगळ्या वाटेने येतो. स्वीडनच्या योरान निल्सन यांच्या 'पॉवर मॉडेल'नुसार मृत्यूचे आणि गंभीर दुखापतीचे अपघात सरासरी वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताप्रमाणे बदलतात. २००५ च्या ब्रिटिश अहवालात कॅमेऱ्यांजवळ सरासरी वेग सुमारे ६ टक्क्यांनी उतरला होता. ०.९४ चा घन करा, ०.८३ येतो. म्हणजे साधारण १७ टक्के घट. अपघातांची आधी-नंतरची तुलना न करता, फक्त वेगावरून काढलेला हा आकडा १० आणि २२ च्या मध्ये बसतो.

तेव्हा माझं उत्तर असं. होय, कॅमेऱ्यांजवळ अपघात कमी होतात. मथळ्यात सांगितले तितके नाही, विरोधक म्हणाले तितके थोडेही नाही. दहा ते वीस-बावीस टक्क्यांच्या पट्ट्यात कुठेतरी, आणि तेही कॅमेऱ्याच्या आसपासच.

आपल्याकडचा ब्लॅक स्पॉट

हा सगळा इतिहास परदेशातला. मग तुम्हाला का सांगतोय? कारण तोच नियम आपल्या फायलीत आहे. राष्ट्रीय महामार्गावरचा 'ब्लॅक स्पॉट' म्हणजे साधारण ५०० मीटरचा असा पट्टा, जिथे मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा जणांचा मृत्यू झाला. ओळखीचं वाटलं ना?

२०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आता कॅमेरे आहेत, केरळने २०२३ मध्ये राज्यभर लावले, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी खास कलम आलं. म्हणजे पुढची काही वर्षं 'ब्लॅक स्पॉटवर उपाय केला, मृत्यू इतके टक्के घटले' अशा बातम्या येतच राहणार. तुमच्यापैकी कोणीतरी त्यावर डिझर्टेशन लिहील, सिनॉप्सिस सादर करेल.

त्या दिवशी तीन प्रश्न स्वतःला विचारा. ही ठिकाणं कोणत्या आकड्यावरून निवडली, आणि 'आधीचा' आकडा म्हणून मी तोच पुन्हा वापरतोय का? निवडीत थोडक्यात हुकलेल्या, चार अपघातांवर थांबलेल्या पट्ट्यांचं पुढच्या तीन वर्षांत काय झालं? आणि फरक नशिबाच्या चढउतारापेक्षा मोठा आहे का?

आणि संधी मिळालीच तर आणखी एक धाडस करा. कॅमेरे पन्नास असतील आणि पात्र ठिकाणं दोनशे, तर दीडशे ठिकाणं तशीही थांबणारच आहेत. आधी कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, असं अधिकाऱ्यांना सुचवून बघा. त्यात कोणाचं जास्तीचं नुकसान नाही, आणि कॉक्रेनच्या ३५ अभ्यासांत जे एकालाही जमलं नाही ते तुमच्या हातून होईल.

तोवर ल्युडोचा फासा टेबलावर ठेवा. 'उपायानंतर सुधारणा' असं काही वाचलंत की एकदा त्याच्याकडे बघा.